थैलीतली माती

“माती आणलीय का?” शमुवेलने कबरीच्या काठावरून विचारलं आणि मी थैली पुढे केली. ती माती यरुशलेमची नव्हती. तिथे उभ्या असलेल्या माणसांत हे फक्त मला माहीत होतं.

तू खाली होतीस, पांढऱ्या कापडात. ठाण्याहून आलेल्या दोन बायका आणि मी, तिघींनी मिळून सकाळी तुला आंघोळ घातली होती. जन्मभर तू कुणाकडे काही मागितलं नाहीस. एकच मागितलंस, तेही मेल्यानंतरचं. “वहिनी, माझ्या डोक्याखाली तिकडची माती घाला.” आणि मी मखमलाबादच्या मळ्यातली माती घेऊन उभी होते, एस्तेर. चेहरा सरळ ठेवून.

बायकांनी कबरीपर्यंत जायचं नाही, असं आपल्या घरात जुनं वळण होतं. पण नाशकात आता आपली ज्यू माणसंच उरली नाहीत, तर मला अडवणार कोण? प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. ठाण्याच्या प्रार्थनामंदिराचं बघणारा शमुवेल तिकडून सहा जणांना गाडीत घालून घेऊन आला, देवळालीचे दोघे आले. नऊ झाले. एका माणसासाठी तू दारात थांबून राहिलीस. आपली सिंधू भाजीची पाटी बाजूला ठेवून सकाळपासून पायरीवर बसली होती. ती हळूच म्हणाली, “आजी, आमचे हे उभे राहिले तर नाय चालणार का? लय चांगला माणूस हाय.”

“चांगला आहे गं, पण आमच्यातला नाही ना. नाही चालत.”

“मंग चांगला असून काय उपेग,” ती म्हणाली.

तू असतीस तर हसली असतीस. तुला सिंधूचं बोलणं आवडायचं. शेवटी नाशिक रोडहून एक म्हातारा रिक्षाने आला, धापा टाकत, आणि तुझी सुटका झाली.

तू सोमवारी गेलीस आणि मंगळवारी तुला पुरलं. हे तुला चाललं असतं, कारण सोमवारचं आणि मंगळवारचं तूच मला शिकवलंस. मी चौथी शिकलेली. लग्न होऊन या घरात आले तेव्हा वीस वर्षांची होते आणि तू, माझी नणंद, सोळाची. मॅट्रिकचा अभ्यास करत होतीस. पुढे तू बाई झालीस, म्युनिसिपालिटीच्या शाळेत, आणि शाळेतून उरलेलं शिकवणं माझ्यावर काढायचीस. शनिवारी चूल बंद, काम बंद, मग मी जाणार कुठे? तू तोरा, आपला धर्मग्रंथ, उघडून बसायचीस. पहिल्या ओळीपासून. देवाने आकाश आणि पृथ्वी निर्माण केली.

“सहा दिवसांत सगळं केलं?” मी विचारलं होतं.

“सहा दिवसांत. सातव्या दिवशी विसावा.”

“बरोबर आहे. त्याला स्वयंपाक करायचा नव्हता.”

तू रागावलीस. पण तुझा भाऊ, माझा नवरा, आतल्या खोलीत इतका हसला की तुलाही हसू आलं.

मग तू सांगितलंस की देवाने रोजचं काम संपल्यावर पाहिलं आणि ते चांगलं आहे असं म्हटलं. फक्त दुसऱ्या दिवशी, सोमवारी, म्हटलं नाही. सोमवारी त्याने वरचं पाणी आणि खालचं पाणी वेगळं केलं, पण ते काम तिथे पुरं झालं नव्हतं. ते मंगळवारी पुरं झालं. पाणी एका जागी गोळा झालं, कोरडी जमीन दिसली, तिच्यावर झाडं उगवली. म्हणून मंगळवारी तो दोनदा चांगलं म्हणाला. मला हा देव पटला. अर्ध्या कामाला चांगलं म्हणायचं नाही, ही माझ्या आईचीही रीत होती. तुझं-माझं काम मात्र सोमवारीच अर्धं राहिलं.

आपलं भांडण मातीवरून होतं. लोकांना वाटेल दोन म्हाताऱ्या मीठ-मिरचीवरून भांडत असतील. तेही भांडलो. पण खरं भांडण आदामाचं. तू सांगितलंस, जुन्या गुरूंनी दोन गोष्टी लिहून ठेवल्यात. एक अशी, की देवाने पहिला माणूस घडवला तेव्हा माती पृथ्वीच्या चारी दिशांकडून गोळा केली. का, तर माणूस कुठेही मेला तरी तिथल्या मातीने त्याला परका म्हणू नये. दुसरी अशी, की माती एकाच जागेवरून घेतली. यरुशलेममध्ये जिथे पुढे वेदी उभी राहिली, तिथून.

“म्हणजे आपण सगळे मूळ तिथले,” तू म्हणालीस.

“पहिली गोष्ट बरी आहे. पहिलीच धर.”

“का?”

“चारी दिशांकडून म्हणजे नाशिकची पण आली.”

“आली असेल चिमूटभर.”

“चिमूटभर का? गोदावरीचा गाळ आहे. गणपती करणाऱ्याला विचार, किती चांगला येतो हाताला.”

“वहिनी, आदामाचं चाललंय. गणपतीचं नाही.”

भांडतानासुद्धा तू मला तुम्ही म्हणायचीस. त्यामुळे मला नीट भांडता यायचं नाही.

मी दुसरं पण बोलायचे. आपले पूर्वज, सात पुरुष आणि सात बायका, जहाज फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले असं आपल्यात सांगतात. पोथ्या बुडाल्या, सामान बुडालं. तेल गाळायला शिकले, मराठी शिकले. शनिवारी घाणा बंद ठेवायचा एवढं विसरले नाहीत. “त्यांच्याकडे कुठे होती थैली?” मी म्हणायचे. “ते काय असेच पुरले गेले. मातीने बाहेर फेकलं का त्यांना?” तू उठून पश्चिमेच्या भिंतीकडे तोंड करून प्रार्थना म्हणायचीस, कारण यरुशलेम तिकडे. त्या भिंतीच्या पलीकडे शेजाऱ्यांचं न्हाणीघर आहे. हेही मी तुला बऱ्याचदा सांगितलं.

तुझा भाऊ गेल्यावर वर्षभराने तू तिकडे गेलीस. तुझ्या मावसबहिणीने बोलावलं होतं, तीन आठवड्यांसाठी. पण तू पेटी भरलीस ती तीन आठवड्यांची नव्हती. थंडीचे कपडे होते, उन्हाळ्याचे होते, शाळेचे दाखले होते, तुझ्या आईचा फोटो भिंतीवरून काढून पदराने पुसून आत घातलास. मी ते पाहिलं. भिंतीवर पांढरा चौकोन राहिला होता. तुला म्हटलं, “माझ्यासाठी परत येऊ नकोस. मी काय लहान आहे?” पेटीचं कुलूप लागत नव्हतं, म्हणून मी तिच्यावर बसले आणि तू कुलूप लावलंस.

तीन आठवड्यांनी तू दारात उभी. पेटी तीच, तितकीच भरलेली.

मी म्हटलं, “भात लावलेला नाही. आधी कळवायचं होतंस.”

असं माझं स्वागत. का आलीस विचारलं तर म्हणालीस, शाळा सुरू होणार होती. शाळा सुरू व्हायला अजून महिना होता, एस्तेर. मला महिने मोजता येतात. पण मी पुढे विचारलं नाही. तू आईचा फोटो परत भिंतीवर लावलास आणि पेटीच्या तळातून एक कापडी थैली काढलीस. यरुशलेमबाहेरच्या टेकडीवर वाकून स्वतःच्या हाताने भरलेली माती. फिकट होती, मऊ होती, खडूच्या भुकटीसारखी. थैलीवर तू निळ्या दोऱ्याने तीन अक्षरं शिवलीस, तिकडच्या भाषेत. मला ती वाचता येत नाहीत, पण दिसली की ओळखते. “मला तिथे राहता आलं नाही,” तू म्हणालीस, “निदान ती माझ्याजवळ येईल.” मग थैली बिस्किटांच्या जुन्या डब्यात घातलीस आणि मुंग्या लागू नयेत म्हणून स्वयंपाकघरात अगदी वरच्या फळीवर ठेवलीस.

त्यानंतर दर पेसाहच्या सणाच्या जेवणाला शेवटी म्हणायचीस, पुढच्या वर्षी यरुशलेमात. मी म्हणायचे, आणि या वर्षी भाजी कोण आणणार? पण तू पुन्हा गेली नाहीस. पैसे होते, पासपोर्ट होता. गेली नाहीस.

आता मला जे सांगायचंय ते सांगते.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. पेसाहच्या आधीची साफसफाई. घरात पिठाचा कण राहता कामा नये, पावाचा चुरा राहता कामा नये, म्हणून मी दरवर्षी फळ्या धुऊन काढायचे. तू डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होतीस, गंगापूर रोडला, चष्म्याचा नंबर बदलायला. खरं म्हणजे डोळे माझे गेले होते. मोतीबिंदू काढायचा होता, मी चालढकल करत होते. वरची फळी एरवी तू पुसायचीस, आणि थैली त्या डब्यात आहे हे माझ्या ध्यानातून गेलं होतं. वरच्या फळीवर हात घातला, डबा लागला, उघडला. आत एक चिंधी आणि तिच्याभोवती फिकट भुकटी. थैलीला कसर लागली होती, भोक पडलं होतं, अर्धी माती डब्यात सांडली होती. मला वाटलं जुनं पीठ. कधीचं राहिलंय कोण जाणे, आणि उद्या सण. मी डबा मोरीत उपडा केला, चिंधी झटकली आणि वरून दोन तांबे पाणी ओतलं. तेव्हा हातातल्या चिंधीवरची निळी अक्षरं दिसली.

पाणी जाऊन चुकलं होतं. मी मोरीत बोटं घालून पाहिली. काही आलं नाही.

मी रडले नाही. मला पटकन रडू येत नाही, तुला माहीत आहे. मी सुई घेतली, भोक शिवलं, गॅलरीत गेले आणि सब्जाच्या कुंडीतली माती थैलीत भरली. तीच कुंडी, जिची डहाळी आपण शनिवारी संध्याकाळी शब्बाथ संपताना हुंगतो. तिच्यातली माती सिंधूने आणून दिलेली, मखमलाबादला त्यांचा शेवंतीचा मळा आहे तिथली. काळी कुळकुळीत. आंधळ्यालासुद्धा फरक कळला असता. मी तोंड बांधून थैली डब्यात टाकली आणि डबा फळीवर ठेवला.

दिवेलागणीला तू मेणबत्ती घेऊन घरभर फिरलीस, कोपऱ्याकोपऱ्यात, कुठे चुरा राहिलाय का बघत. मग नेहमीची प्रार्थना म्हटलीस आणि नेहमीसारखा मला मराठीत अर्थ सांगितलास. या घरात जे काही खमीर, आंबवलेलं पीठ, असेल, मी पाहिलेलं किंवा न पाहिलेलं, ते नाहीसं होवो आणि जमिनीवरच्या धुळीसारखं होवो. मी मोरीच्या दारात उभी होते. तुझी धूळ मी पीठ म्हणून फेकली होती आणि तू पिठाला धूळ म्हणत होतीस. त्या क्षणी सांगायला हवं होतं.

“वहिनी, बरं वाटत नाही का?” तू विचारलंस.

“कंबर दुखतेय,” मी म्हटलं.

कंबर खरंच दुखत होती. म्हणून ते खोटं नव्हतं. मी नऊ वर्षं असाच हिशेब लावत आले.

माती चुकून फेकली. सांगितलं नाही, ते मात्र चुकून नाही. मला भीती वाटली. तू ओरडशील याची नाही. तू ओरडली नसतीस. मला भीती वाटली की तू ती पेटी पुन्हा काढशील. म्हणशील, आता जाऊन दुसरी आणावी लागेल. आणि या वेळी तिकडेच राहशील. आता मी घरात एकटी बसले आहे तर हे लिहायला लाज कसली?

मधल्या काळात एक बदल झाला होता. तो तेव्हा मला कळला नाही. आदामाचं भांडण निघालं की तू पूर्वी वेदीच्या बाजूने हट्टाने बोलायचीस. मग कधीतरी म्हणायला लागलीस, “दोन्ही खरं आहे, वहिनी.”

“दोन्ही कसं खरं असेल? शाळेत पोरांना असंच शिकवायचीस?”

“पोरांना नाही शिकवलं. मलाच उशिरा कळलं.”

मला वाटलं थकलीस. म्हातारपणी माणूस भांडण टाळतो. मला जिंकल्याचा आनंदही झाला नाही, इतकं ते सहज दिलंस.

शेवटच्या महिन्यात तू उठत नव्हतीस. छातीत दम राहिला नव्हता, दोन शब्दांमध्ये थांबायचीस. एका दुपारी मी तुला पेज भरवत होते.

“थैली कुठे आहे, माहीत आहे ना?”

“फळीवर आहे.”

“तीच घाला. दुसरी शोधू नका.”

“दुसरी कुठून आणू? गप्प गिळ.”

हे तुझ्याशी माझं शेवटचं धड बोलणं. गप्प गिळ. त्यानंतर पाणी द्या, उशी सरकवा, एवढंच.

आता पुन्हा कबरीकडे येते.

तुला माझ्या गाठी माहीत आहेत. मी बांधलेलं बोचकं सुटत नाही, दातांनी तोडावं लागतं, नाहीतर विळीवर धरावं लागतं. यावरून तू मला आयुष्यभर बोलायचीस. “वहिनी, ही गाठ आहे की तुरुंग?” तुझी गाठ वेगळी. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधून तुला सवय, एक टोक ओढलं की सुटली. शमुवेलने थैली हातात घेतली तेव्हा मी म्हणणार होते, थांब, तिला पातं लागेल. त्याने एक टोक धरून ओढलं आणि गाठ सुटली.

ती माझी गाठ नव्हती.

मी थैलीकडे बघत कबरीच्या अगदी काठाशी सरकले. सिंधू लांब भिंतीपाशी उभी होती, तिने हाक मारली, “आजी, बसा खाली.” मी बसले नाही. शमुवेलने थैलीत पाहिलं. काळी माती, तिच्यात सब्जाची एक वाळकी काडी.

“काळी दिसतेय, आंटी.”

“घाल.”

“यरुशलेमची ना?”

“तिची आहे. घाल तू.”

त्याने घातली. दहा माणसांनी आमेन म्हटलं.

म्हणजे तू थैली उघडली होतीस. कधी, ते मला कळायला मार्ग नाही. त्याच वर्षी असेल, पाच वर्षांपूर्वी असेल. डबा उघडलास, कापडावर माझे टाके पाहिलेस, माझी गाठ पाहिलीस, ती दातांनी सोडवलीस, आत आपल्या गॅलरीतली माती पाहिलीस. आणि परत आपल्या हाताने बांधून ठेवलीस. मला एक शब्द बोलली नाहीस. दुसरी आणायला गेली नाहीस. वर म्हणालीस, तीच घाला.

सुतकाचे सात दिवस मी जमिनीवर बसले होते तेव्हा हाच विचार केला. तू मला माफ केलंस, की माझं म्हणणं पटलं म्हणून गप्प राहिलीस, की कधी कबूल करते ते बघत बसलीस? तू बाई होतीस. पोरगं खोटं बोललं की तू त्याला मारायची नाहीस, नुसती वाट बघायचीस, आणि ते आपण होऊन यायचं. मी आले नाही. पोरांपेक्षा मी कोडगी निघाले. याचा राग येतो मला, तुझापण येतो. एकदा डबा माझ्यापुढे आपटायचा होतास. म्हणायचं होतंस, वहिनी, हे काय? मी तेव्हाच सांगितलं असतं.

आणि दुसरं जे राहिलं ते हे. तू शाळेसाठी परत आली नव्हतीस, हे मला त्याच दिवशी दारात कळलं होतं. तुला तिकडची हवा मानवली होती, चेहरा उजळला होता, आणि तरी तू आलीस, कारण तुझा भाऊ गेला होता आणि मला मूलबाळ नव्हतं. मी भाताचं बोलले. त्या संध्याकाळी तुझ्यासाठी भात लावला तेव्हा तांदळाला पाणी जास्त झालं, कारण मला नीट दिसत नव्हतं. तेव्हा मोतीबिंदू नव्हता. तुला पाणचट भात आवडत नाही, तरी तू दोनदा घेतलास. आभार मानायची रीत आपल्या घरात नव्हती. आता मानते. उशीर झाला आहे, हे मला कळतं.

परवा तुझ्या मावसबहिणीचा तिकडून फोन आला. रडत होती. म्हणाली, “लेआवहिनी, आता एकट्या काय करता तिथे? इकडे या. आपला देश आहे.” मी म्हटलं, आहे, पण इथल्या कुंडीला पाणी कोण घालणार? तिला वाटलं माझं डोकं फिरलंय. शमुवेललाही सांगून ठेवलंय की माझ्या वेळी लांबची माती शोधत बसू नको, कुंडी गॅलरीत आहे. त्याने वहीत लिहून घेतलं.

काल शनिवार होता, तुझ्यानंतरचा पहिला मोकळा शनिवार. दिवसभर कोणी आलं नाही. सिंधू येते, पण शनिवारी आपल्याकडे काही घेत नाहीत हे तिला पाठ झालंय, म्हणून ती आली नाही. तोरा उघडली, तुझी खूण पहिल्याच पानावर होती. मी अक्षर लावत लावत मराठी वाचलं, सोमवारपर्यंत. पुढे वाचवलं नाही.

संध्याकाळी तीन तारे दिसून शब्बाथ संपल्यावर सब्जाची डहाळी तोडली. बायकांनी म्हणायचं की नाही मला माहीत नाही, पण सुगंधाचा आशीर्वाद तुझ्याकडून ऐकून ऐकून पाठ आहे, तो म्हटला. डहाळी हुंगली. मग सवयीने हात डावीकडे पुढे केला, तू बसायचीस तिकडे. बराच वेळ तो तसाच राहिला. खांदा दुखायला लागला तेव्हा खाली घेतला.

या घरात आपण तिघं होतो, मग दोघी होतो. आता मी आहे. लेआ, वय ब्याऐंशी.